आठ लाल ठिपके

एकदा एक गृहस्थ आपल्या जुन्या संगणकाची स्मरणशक्ती वाढवायला निघाला आणि आपल्याच गुरूवर पाळत ठेवून बसला.

संगणक चाळीस वर्षांपूर्वीचा, घरच्या टीव्हीला जोडून वापरायचा. शाळेत असताना त्याने त्यावर पंचांग मांडणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला होता. मेमरी संपली आणि तो अर्ध्यावर कॅसेटमध्ये पडून राहिला. पन्नाशी उलटल्यावर त्याला तो पुरा करायचा ध्यास लागला. नव्या संगणकावर हे काम चुटकीसरशी झाले असते. पण जे जिथे अडले ते तिथेच सोडवायचे, असा त्याचा हट्ट होता. त्यासाठी संगणकाच्या मागच्या खाचेत बसणारा, मेमरी वाढवणारा बोर्ड हवा, आणि तो बाजारात कुठेच मिळेना. म्हणून रेडिओदुरुस्तीत हयात घालवलेल्या एका वृद्ध कारागिराला त्याने गुरू केले आणि दर रविवारी सकाळी त्याच्या घरी बसून तो बोर्ड घडवू लागला.

मनुष्य कष्टाळू, पण संशयी. मेमरीच्या आठ आयसी, म्हणजे चिपा, त्याला जुन्या यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे मिळाल्या. तशा आता कोणी बनवत नाही. व्यापाऱ्याने मूळचे आकडे खरवडून दुसरे छापले असतील, या शंकेने त्याने एकेक आयसी भिंगाखाली धरून अर्धा तास घालवला. व्यापारी दुखावला असावा. पुडी बांधता बांधता तो म्हणाला, "तुमचे गुरुजी दोन वर्षं ह्याच आयसी मागतायत माझ्याकडे, पण किंमत त्यांना झेपत नाही. त्यांचाही असाच संगणक बंद पडलाय."

झाले, शिष्याच्या मनात पाल चुकचुकली. म्हातारा एवढे फुकट का शिकवतो, याचा त्याला एकदम उलगडा झाला. घरी जाऊन त्याने बायकोच्या नेलपॉलिशने प्रत्येक आयसीच्या पोटाला एक बारीक लाल ठिपका दिला. अदलाबदल झालीच, तर चोर तिथल्या तिथे सापडावा. पुढे गुरूने भिंग मागितले तरी त्याला संशय, दार लोटून घेतले तरी संशय. त्याने काढलेला बोर्डाचा नकाशा गुरूने दोन दिवस घरात ठेवून घेतला, तेव्हा तर त्याला जेवण गोड लागेना. कावीळ झालेल्याला सारे पिवळे दिसते, ते उगाच नाही.

अखेर एका रविवारी शिष्य आपला संगणकही बरोबर घेऊन आला. बोर्डाला कथलाचा शेवटचा डाग देऊन झाला. शिष्याने आठही आयसी आपापल्या सॉकेटात बसवल्या आणि तो हात धुवायला गेला. परत येऊन पाहतो तर सॉकेट सगळी रिकामी, आणि गुरुजी तपकिरीच्या डबीचे झाकण लावत होते.

"आयसी कुठायत?" त्याने विचारले.

"डबीत. बोर्ड खाचेत घाल आणि संगणक चालू कर."

रिकाम्या बोर्डाने मेमरी कशी वाढणार? शिष्याचा संयम सुटला. व्यापारी काय म्हणाला, आपल्याला कधीपासून संशय होता, आयसींवर खूण कशी केली आहे, सगळे त्याने बोलून टाकले. म्हाताऱ्याने ते शांतपणे ऐकले आणि मीटर त्याच्यापुढे सरकवला.

धुसफुसतच त्याने बोर्ड खाचेत घालून संगणक चालू केला आणि आयसीला जिथून वीज मिळायची तिथे मीटरची टोके टेकवली. तिथे पाच व्होल्ट हवे होते. काटा नऊवर जाऊन थांबला. त्याने पुन्हा पाहिले, नऊच.

संगणक बंद करून त्याने नकाशा उलगडला आणि एकेक जोडणी ताडून पाहिली. खाचेतल्या जोडण्यांचे चित्र त्याने जुन्या पुस्तकातून उतरवले होते. पुस्तकातली खाच संगणकाच्या बाहेरून पाहिलेली होती. त्याने ती आतून पाहिलेली समजली. डावीकडचे सारे उजवीकडे गेले होते. आयसी जागेवर असत्या, तर आठही जळाल्या असत्या आणि त्यांच्यामागून बहुधा संगणकही गेला असता.

"तुम्हाला ही चूक दिसली होती?" त्याने हळूच विचारले.

"नाही रे. दोन दिवस नकाशा पाहिला, मला तो बरोबरच वाटला. म्हणून तर आयसी काढल्या. व्यापाऱ्यावर संशय घेतलास, माझ्यावर घेतलास. घ्यावा, या कामात भोळेपणा उपयोगाचा नाही. पण मीटर आधी तिथे लावावा, जिथे आपली अगदी खात्री असते. आणि सगळ्यांत पक्की खात्री आपल्याला आपल्याच हाताची असते."

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. गुरूने डबी उघडून त्याच्यापुढे ठेवली. चंदेरी कागदावर आठही आयसी पाय वर करून ओळीने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या पोटावर लाल ठिपका होता.

"खूण छान केलीस," म्हातारा म्हणाला. "आता नवा नकाशा काढशील, त्यावरही एक ठिपका दे. बघणारा कोणत्या बाजूला उभा आहे, तिथे."

शिष्याने कोरा कागद पुढे ओढला. मग त्याने आधी तो ठिपका दिला आणि नंतर पहिली रेघ मारली.