उजळेच्या वाणाची कहाणी

ऐका तारकामाये, तुझी कहाणी.

आटपाट आकाश होतं. तिथं एक मेघमाय होती. तिच्याजवळ नुसतं हलकं वारं, दुसरं काही नाही. पण कूस मोठी. कुशीत लेकी जन्मत, तारका होत, दूर नांदायला जात. निघताना माय प्रत्येकीच्या पदरात वारं बांधी आणि वसा देई, "यावर चूल पेटव. चुलीत जे होईल, त्यातलं वाण माहेरी धाड."

थोरली लेक उजळा. तिची चूल सगळ्यांत मोठी. तिनं वारं जाळलं, लख्ख उजेड पडला, खाली राख साचली. मायेचा निरोप आला, "बाळे, वाण धाड." उजळा म्हणाली, "आत्ता चुलीला लागतंय." मग तिनं राखच जाळली. तिचा कोळसा झाला, प्राणवायू झाला. पुन्हा निरोप आला. "आत्ता चुलीला लागतंय." मग तेही जाळलं. त्याची वाळू झाली, चुना झाला.

शेजारी एक तांबडी तारका होती. चूल मिणमिणती, जीभ तिखट. ती म्हणाली, "काय गं राणीसाहेब, आणताना पदर भरून आणलंत, धाडताना हात आखडतो होय?"

"तू गप गं. तुझ्या चुलीवर पाणी तरी तापतं का?"

"न का तापेना. पण पलीकडची महाराणी आठवते ना? सगळं कवटाळून बसली, आत आत बुडाली. आता तिच्या दारातून उजेडसुद्धा परत येत नाही."

मग तिसऱ्यांदा माय स्वतः आली. म्हणाली, "उजळे, धाकटी पोटात आहे. तिच्या ओटीत काय घालू? वाऱ्याचा धोंडा होत नाही, वाऱ्याचं पाणी होत नाही. तिच्या अंगणात कुणी पाऊल कुठं ठेवील?"

उजळेनं चुलीत पाहिलं. वाळूचं लोखंड झालं होतं. तिनं फुंकलं, ढोसलं. लोखंड काही पेटेना. घर आत ढासळू लागलं. आता तीही महाराणीसारखी सगळ्यासकट बुडणार, धाकटीची ओटी रिकामी राहणार.

तेव्हा तिला माहेर आठवलं. तो गार काळोख आठवला. साऱ्या बहिणी एका गोधडीत, कुणाचा पाय कुणाच्या पोटात. आणि माय म्हणे, "सरका गं, अजून एकीला जागा द्या."

उजळेला रडू फुटलं. "सरकले गं माय," ती म्हणाली, आणि तिनं मुठी उघडल्या. घर फुटलं. सगळ्या आकाशाला दिसेल एवढा उजेड झाला. कोळसा, प्राणवायू, वाळू, लोखंड, चुना, सगळं मायेच्या पदरात जाऊन पडलं. मागं उजळेचा एक लहानसा गोळा उरला, गरगर गिरक्या घेत. तांबडीनं डोळ्यांना पदर लावला.

मग मायेनं धाकटीची ओटी भरली. धाकटी सूर्य होऊन उगवली. तिच्या अंगणात धोंडा आला, धोंड्यावर पाणी आलं, पाण्याकाठी लेकीबाळी आल्या. त्यांच्या हाडांत चुना, त्यांच्या रक्तात लोखंड. ते उजळेचं वाण. म्हणून सगळं जागच्या जागी असताही कधी न पाहिलेल्या माहेराची आठवण येते.

हा वसा घेतला तर काय करावं? शेजारणीचं भांडं रिकामं परत धाडू नये. "आत्ता मलाच लागतंय" असं तिसऱ्यांदा म्हणू नये.

धाकटीची ओटी जशी भरली, तशी तुमची आमची भरो. ही युगायुगांची कहाणी चार घटकांत सुफळ संपूर्ण.