धुरपामायची झोप

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. मला सांगणाऱ्या म्हातारीलाही ते ठाऊक नव्हतं. तेव्हा बोरटेक गावाला धड रस्ता नव्हता, मग दवाखाना कुठला असायला. गावाच्या वेशीबाहेर एक वस्ती होती आणि त्या वस्तीत धुरपाबाई नावाची सुईण राहायची. आसपासच्या पाच गावांत मूल जन्माला यायचं ते तिच्याच हातांत. असं म्हणतात, की तिनं पोटावर नुसता तळवा टेकवला तरी आडवं आलेलं मूल सरळ व्हायचं.

एरवी तिला कुणाचा उंबरा ओलांडायची मुभा नव्हती. बाळंतपण असलं की मात्र ती थेट आतल्या खोलीत. बाराव्या दिवशी ती जिथं जिथं बसली असेल ती जागा सारवून काढायचे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिलाच हाक. धुरपेला याचं हसू यायचं. "माझ्याच हातात जन्मलेली माणसं मला बाजूला व्हय म्हंत्यात," असं म्हणून ती कामाला लागायची. राग धरून बसायला तिला सवड नव्हती.

तर अशी ही बाई बारा वर्षं झोपली नाही. ते कसं झालं, ते ऐका.

एका चैत्रात लागोपाठ तीन बाळंतपणं आली. एक उरकलं की दुसऱ्या गावचा माणूस दारात उभा. तीन दिवस धुरपेनं जमिनीला पाठ टेकली नाही. चौथ्या दिवशी ती घरी येऊन भाकर मोडते न मोडते तोच गावच्या कारभाऱ्यांच्या घरून बोलावणं आलं. कारभाऱ्यांची सून ठकूबाई बाळंत होत होती. तिला आधीच्या तिन्ही मुलीच होत्या, आणि घर मुलाकडे डोळे लावून बसलं होतं.

भर दुपारी मूल झालं. मुलगी. ती दोनदा रडली, चांगली खणखणीत. ठकूबाईचं रक्त फार गेलं होतं, ती ग्लानीत पडली. तिच्या सासूनं, मंजुळाबाईनं, पोर धडप्यात गुंडाळून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "धुरपे, लई दमलीस. पडवीत सावली हाय, जरा आडवी हो. पोरीचं मी बघते."

धुरपेनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. मी तिची बाजू घेत नाही, कारण तिनं स्वतः कधी घेतली नाही. अशा घरांतून तेव्हा असं कधीमधी व्हायचं, हे तिला चांगलं माहीत होतं. सुईणीच्या मांडीवरून मूल कुणी ओढून घेत नसे. "न्हाई, पोर माझ्यापाशी द्या," एवढं ती म्हणाली असती तरी पुरलं असतं. पण डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं. ती पडवीत गेली, आडवी झाली, आणि तिला लगेच झोप लागली.

उठली तेव्हा उन्हं कलली होती आणि पोर गार पडली होती. मंजुळाबाई म्हणाली, "मेलेलीच आली, असं सांग तिला. तुझ्या तोंडून तिला खरं वाटंल." ठकूबाई शुद्धीवर आली आणि पहिलंच वाक्य बोलली, "म्या रडणं ऐकलं." धुरपा तिच्या उशाशी बसली, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "भास झाला तुला, बाई."

त्या दिवसापासून तिची झोप गेली. आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता पावसाळा आला, तरी डोळ्याला डोळा लागेना. वैद्याचं चाटण झालं, देवऋषाचा दोरा झाला, कुणी सांगितलं म्हणून अफूही पोटात गेली. काही उपयोग नाही. लोकांना मात्र त्याचं कौतुक. कधीही जा, धुरपा जागीच असते, एका हाकेत चालू लागते, असं सांगत सुटले. असं म्हणतात, की तिच्या डोळ्यांभोवती काजळ पुसल्यासारखी काळी वर्तुळं होती आणि चालता चालता ती झाडाला हात लावून उभी राहायची. त्या झाडांवर अजून तिच्या हाताची खूण दिसते म्हणे. मी गेलो होतो, मला काही दिसली नाही. पण दाखवणारे दाखवतात.

इकडे ठकूबाई "म्या ऐकलं" म्हणायची थांबेना. पाणवठ्यावर म्हणे, जात्यावर म्हणे, पाहुण्यांपुढे म्हणे. बाई चळली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तिला चार बायकांत बसू देईनात, लग्नकार्याला नेईनात. शेवटी ती गप्प झाली. गप्प झाली तेव्हा घरच्यांना बरं वाटलं. धुरपा त्या घरावरून जाताना पदर ओढून मान खाली घालायची.

अशी नऊ-दहा वर्षं गेली. मग वस्तीवर शांतवनमास्तर आले. हडकुळे, दम्याचे, खाकोटीला पुस्तक धरून चालणारे. ते येशूला मानणारे होते. एक पडका गोठा साफसूफ करून ते आठवडाभर त्यात मुलांना अक्षरं शिकवायचे आणि रविवारी ढोलकीवर भजनं म्हणायचे, पुस्तकातलं वाचून दाखवायचे. गोठ्याची जागा कारभाऱ्यांची होती. कारभाऱ्यांनी मनावर घेतलं तर शाळा एका दिवसात बंद, हे मास्तरांना ठाऊक होतं.

धुरपा कोपऱ्यात बसायची. कुठंही बसून जागायचं, ते तिथं बसून जागावं, एवढाच हिशेब. एका रविवारी मास्तरांनी वाचलं, की ओझ्यानं वाकलेल्या, थकलेल्या माणसांना प्रभू आपल्याकडे बोलावतो आणि म्हणतो, मी तुम्हाला विसावा देईन. धुरपा कोपऱ्यातून म्हणाली, "मास्तर, ते पुन्हा वाचा." त्यांनी पुन्हा वाचलं. ती रडली नाही, काही नाही. घरी जाऊन तिनं चूल पेटवली आणि तव्यावर भाकर करपेपर्यंत नुसती बसून राहिली.

पुढच्या वर्षी ओढ्याच्या डोहात तिचा बाप्तिस्मा झाला. तिची पक्की समजूत होती, की डोक्यावरून पाणी गेलं की झोप येणार. तिनं नवी वाकळ शिवून तयार ठेवली होती. झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी ती मास्तरांपुढे जाऊन उभी राहिली. "तुमचा प्रभू समद्यांना विसावा देतो. मलाच कसा इसरला?"

मास्तर म्हणाले, "धुरपामाय, तुमचं ओझं कोणतं, ते तुम्ही मला कधी सांगितलंच नाही."

मग तिनं सांगितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा ते तिच्या तोंडून बाहेर आलं. मास्तर ऐकत राहिले. ऐकून झाल्यावर म्हणाले, "प्रभूनं तुम्हाला क्षमा केली आहे. आता घरी जा. बाकीचं पुढं बघू." ते घाबरले होते. चांगली माणसंही घाबरतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते धापा टाकत स्वतःच तिच्या दारात आले.

"काल मी माझ्या शाळेचा विचार केला," ते म्हणाले. "क्षमेचं सांगितलं ते खरंच आहे. पण ठकूबाईपाशी तुमचं खोटं अजून तसंच पडलंय. ते उचलायला तुम्हालाच जावं लागेल. प्रभू बरोबर येईल. तुमच्या वतीनं बोलणार मात्र नाही."

"त्यांनी वस्ती पेटवून दिली तर?"

"तर आपण सगळे मिळून दुसरीकडे जाऊ," मास्तर म्हणाले. "मलाही भीती वाटते, माय."

ती लगेच गेली, असं समजू नका. दोनदा निघाली आणि ओढ्यापासून परत फिरली. शेवटी बोलावणंच आलं. ठकूबाईची थोरली लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि सकाळपासून अडली होती.

धुरपा गेली. पण उंबऱ्यापाशी जाऊन थांबली. ओसरीवर खाटल्यावर मंजुळाबाई पडलेली होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पाय गेले होते, जीव तेवढा होता. ठकूबाई दारात आली. "चल की आत, पोरगी वराडतीया."

"आधी माझं ऐक," धुरपा म्हणाली. "मंग आत घे, न्हाईतर हाकलून दे. तुझी चौथी पोर जित्ती आली व्हती. म्या दमले व्हते. काय व्हणार ते मला कळलं व्हतं, आन तरी मी झोपले. वर तुला खोटं सांगितलं."

मंजुळाबाईचं नावही तिनं घेतलं नाही. तिनं आपल्यापुरतं सांगितलं. तेवढ्यात खाटल्यावरून आवाज आला, विहिरीच्या तळातून यावा तसा.

"आन मी जागी व्हते," मंजुळाबाई म्हणाली.

अंगणात माणसं होती. सगळ्यांनी ते ऐकलं. आपण आता मारले जाणार, वस्ती जाणार, शाळा जाणार, हे सगळं धुरपेला दिसत होतं. आणि तरी तिला मोकळं वाटत होतं. इतकं मोकळं, की तिला त्याची लाज वाटली. बारा वर्षं एक दार पाठीनं रेटून धरलं होतं, ते तिनं सोडून दिलं होतं. जे यायचं ते येवो, असं ती मनात प्रभूला म्हणाली. असं म्हणतात, की त्या वेळी तिच्या डोळ्यांभोवतालची काळी वर्तुळं सगळ्यांदेखत पुसली गेली.

ठकूबाईनं सासूकडे पाहिलं नाही. धुरपेला विचारलं, "ती रडली व्हती का?"

"व्हय. दोनदा."

"दोनदा," ठकूबाई म्हणाली. "म्या बी दोनदाच ऐकलं व्हतं." आणि ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. बारा वर्षं सगळं गाव जिला चळलेली म्हणत होतं, ती बाई चळलेली नव्हती. तिच्या मनात राग होता, दुःख होतं, आणि त्यात कुठंतरी सुटकाही होती.

आतून लेकीनं हाक मारली. ठकूबाई उठली. तिनं पदरानं तोंड पुसलं. "रडाया मागनं लई येळ हाय. आत ये, धुरपाबाई. माफ केलं का न्हाई, ते मला आज इचारू नको."

धुरपा आत गेली. मूल आडवं होतं. तिनं तळवा टेकवला आणि डोळे मिटून मनातल्या मनात प्रार्थना केली. असं म्हणतात, की तिच्या हाताखाली मूल असं फिरलं, जसं माणूस झोपेत कूस बदलतो. उन्हं उतरायच्या आत बाळ बाहेर आलं. मुलगी होती.

धुरपेनं नाळ कापली, पोर धुऊन पुसून आजीच्या, म्हणजे ठकूबाईच्या मांडीवर दिली. आणि मग तिची मान कलंडली. तिला वाटलं चक्कर आली. ती भिंतीला धरून उठायला लागली, तर ठकूबाईनं एका हातानं कोनाड्यातली वाकळ ओढली, तिथंच बाळंतिणीच्या खाटेशेजारी अंथरली.

"निज हितं," ती म्हणाली. "मी जागी हाय."

धुरपा तीन दिवस झोपली. सांगणारे सांगतात, की त्या तीन दिवसांत पाच गावांत एकही मूल जन्मलं नाही. शेजारच्या गावात एकीच्या कळा सुरू झाल्या होत्या, त्या आपोआप थांबल्या आणि धुरपा जागी झाल्यावर पुन्हा सुरू झाल्या. गावातले बैल गळ्यातली घुंगरं न वाजवता चालले म्हणे. बैलांचं मी काही खात्रीनं सांगत नाही. पण ठकूबाई तिन्ही दिवस नात मांडीवर घेऊन बसून होती, हे खरं.

वस्ती कुणी पेटवली नाही. घरच्या म्हातारीनंच कबूल केल्यावर कारभाऱ्यांना कुणाकडे बोट दाखवता येईना. मंजुळाबाईनं शेताच्या बांधावर पोर पुरली होती ती जागा सांगितली. ठकूबाईनं तिथं दगड लावला आणि बारा वर्षांपूर्वीच्या लेकीचं नाव ठेवलं हौसा. ती स्वतः काही बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ताची झाली नाही. पण रविवारी भजनं सुरू झाली की ती गोठ्याच्या बाहेर येऊन बसायची. माफ केलं, असं ती धुरपेला कधी म्हणाली नाही, आणि धुरपेनंही कधी विचारलं नाही. दोघी बाहेरच बसायच्या शेजारी. धुरपामाय पुढं वीस वर्षं रोज झोपली आणि झोपेतच प्रभूकडे गेली, असं म्हणतात.

आता बोरटेकला रस्ता आहे, दवाखान्याची नर्सबाई गाडीवर येते. तरीही त्या गावात, देवळातल्यांच्या घरी आणि चर्चमधल्यांच्याही घरी, मूल जन्मून रडलं की घरातली एक बाई धावत दारात येते आणि मोठ्यानं सांगते, "रडलं गं!" मग आळीतल्या बायका हातातलं काम टाकून आपापल्या दारात येतात आणि एकीमागून एक म्हणतात, "ऐकलं." कानांनी बहिरी झालेली म्हातारीसुद्धा म्हणते. मुलगी असली तर जरा जास्तच जोरात म्हणतात. नंतर आत वाकळ अंथरली जाते, आजी बाळाला मांडीवर घेऊन जागी बसते, आणि जिनं बाळंतपण केलं तिला, तिला कितीही घाई असो, सांगितलं जातं, की आता तू घटकाभर नीज.