बिनआवाजाचा आशीर्वाद

एकदा एका गोड गळ्याच्या तरुणाचा आवाज बसला. धूळ गेली असेल, थंडी बाधली असेल, असे म्हणून चार दिवस हळद-दूध झाले, मिठाच्या गुळण्या झाल्या. पंधरा दिवस गेले, महिना गेला, तरी आवाज काही सुटला नाही.

तरुणाचे नाव शांतवन त्रिभुवन. गोदावरीकाठच्या एका लहान शहरातील ख्रिस्ती मंडळीत तो तीन वर्षांपासून एका वृद्ध पाळकांच्या हाताखाली शिकत होता. दोन महिन्यांनी त्याला पाळकपदाची दीक्षा मिळायची होती. त्याचे वाचन बेताचे होते, उपदेशही साधाच असे. परंतु तो गाऊ लागला की उपासना संपवून चपला शोधायला निघालेली माणसेसुद्धा पुन्हा दारातून आत येत. "देवानं याला गळा देऊनच पाठवलाय," असे बायका म्हणत. हे वाक्य ऐकतच तो लहानाचा मोठा झाला. नवव्या वर्षी नाताळात त्याने पहिले गीत म्हटले, आणि तेव्हापासून आपण कोण हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. आपण म्हणजे हा आवाज, एवढे त्याला पक्के ठाऊक होते.

मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिले. म्हणाले, "स्वरतंतूवर गाठ आहे. काढावी लागेल. काढलेला तुकडा तपासायला पाठवू. तोपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

शांतवनने वहीत लिहून विचारले, 'आवाज परत येईल ना?'

"आधी गाठ कसली आहे ते तर कळू दे," डॉक्टर म्हणाले, आणि पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले गेले.

शस्त्रक्रियेला अकरा दिवस होते. ते दिवस कसे काढावेत हे त्याला कुणी सांगितले नव्हते. सकाळी जाग आली की हात आधी गळ्याकडे जाई. घोट गिळून पाही. काल दुखत होते तेवढेच दुखते की जास्त? जेवताना घास मध्येच अडकल्यासारखा वाटे आणि अंगाला घाम फुटे. प्रार्थनेला बसे, पण मनातल्या मनात प्रार्थना करायची त्याला सवय नव्हती. आजवर तो देवाशीही गाऊनच बोलला होता. आता डोळे मिटले की पुढे नुसता अंधार, आणि त्या अंधारात तोच एक प्रश्न.

एके दुपारी ख्रिस्ती देवळाच्या खिडकीतून त्याला मंडळीच्या सेक्रेटरींचे बोलणे ऐकू आले. ते कुणाला तरी म्हणत होते, "पोराचं वाईट वाटतं हो. पण दीक्षा देऊन करायचं काय? पाळकाला बोलायला नको?" त्यांच्या स्वरात द्वेष नव्हता. असता तर बरे झाले असते, कारण मग शांतवनला राग तरी आला असता. पण त्याला ते बोलणे पटले.

संध्याकाळी तो पाळकसाहेबांच्या घरी गेला. ते ओसरीवर बसून मेथी निवडत होते. त्याने घडी घातलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यात एकच ओळ होती, 'दीक्षेसाठी दिलेले माझे नाव मागे घ्यावे.'

पाळकसाहेबांनी चष्मा चढवला, कागद दोनदा वाचला. "अक्षर सुधारलंय तुझं," ते म्हणाले. कागद खिशात ठेवला आणि पुन्हा मेथीची जुडी हातात घेतली. "येत्या रविवारी उपासनेच्या शेवटी आशीर्वाद तू द्यायचास."

शांतवनने घाईघाईने लिहिले, 'कसा? मला बोलायला मनाई आहे.'

"मनाई मोडू नकोस. हात तर वर करता येतात ना?"

'माझी दीक्षा झालेली नाही.'

"बिशपसाहेबांना विचारलंय मी. ते हो म्हणाले. जा आता, आणि जाताना फाटकाला कडी घाल."

साहेबांनी ही कसली शिक्षा दिली? आपली दुर्दशा सर्वांना एकदा दिसावी, म्हणजे नाव मागे घेताना कुणी आग्रह करणार नाही, असा तर त्यांचा हेतू नसेल? शनिवारी त्याने दोनदा निघून जायचे ठरवले आणि दोनदा पिशवी पुन्हा रिकामी केली. सोमवारी त्याला दवाखान्यात दाखल व्हायचे होते.

रविवारी शेवटचे गीत झाले. ते दुसऱ्याच कुणी सुरू केले आणि ते बरेच खालच्या पट्टीत गेले. मग पाळकसाहेब वेदीपासून खाली उतरले. त्यांचे गुडघे कधीचे निकामी झाले होते. तरी बाकाचा आधार घेत ते लोकांबरोबर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी मान लवविली.

शांतवन तीन पावले पुढे आला. समोर शंभरएक माथी झुकलेली होती. त्याने हात वर केले. नेहमीचे शब्द त्याने ओठांवर आणले, पण बाहेर आला तो फक्त श्वास. देऊळ इतके शांत झाले की पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. कुणीतरी खोकले. आता हसतील, त्याला वाटले.

आणि मग एक अडचण त्याच्या ध्यानात आली, जिचा त्याने विचारच केला नव्हता. शब्द असले म्हणजे आशीर्वाद आपोआप संपतो. शब्द नसताना हात खाली कधी घ्यायचे? त्याला कळेना. दंड भरून आले, तरी हात वरच राहिले. गाताना तो नेहमी डोळे मिटून घेत असे. आज भीतीमुळे डोळे सताड उघडे होते, आणि म्हणून त्याला लोक दिसले. राहेलबाई दिसल्या; त्यांचा मुलगा भांडून गेला त्याला दोन वर्षे झाली होती, आणि त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली होती. सेक्रेटरी दिसले; त्यांचा एक तळवा उघडा होता आणि दुसरा शेजारच्या आजारी नातीच्या डोक्यावर होता. बाकाबाकांवर उघडे तळहात होते. काही तरी मिळणार आहे अशा भरवशाने ते धरलेले होते. त्यांपैकी एकही तळहात त्याच्या आवाजाची वाट पाहत नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. एका कोपऱ्यातून एक थकलेला स्वर आला, "आमेन." मग दुसरा, मग दहा, मग सगळेच, पण एका सुरात नाही, पुढेमागे. शांतवनचे हात आपोआप खाली आले.

झगे ठेवायच्या खोलीत तो स्टुलावर बसला, तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. पाळकसाहेब आत आले, दार लोटले, आणि त्याने न विचारताच बोलू लागले.

"रागावलास ना माझ्यावर? रागाव. पण एक सांग, आज आशीर्वाद कुणी दिला? तू दिलास म्हणशील, तर तुझ्याजवळ द्यायला काही नव्हतं. दिला नाहीस म्हणशील, तर बाहेर जाऊन बघ, माणसं रिकाम्या हातांनी घरी निघालेली नाहीत. प्राचीन काळी याजकांना, म्हणजे पुरोहितांना, आज्ञा होती, की लोकांवर देवाचं नाव ठेवा. आशीर्वाद देणं मात्र देवानं स्वतःकडेच ठेवलं. आपण फक्त उभं राहायचं, शांतवन. तीन वर्षं मी तुला हे शिकवायचं टाळलं, कारण तुझं गाणं मलाही फार आवडायचं. चूक माझीही आहे."

ते दाराला टेकून उभे राहिले. "आवाज परत येईल असं मी म्हणणार नाही. देवाचा यात काय हेतू आहे तेही मला दिसत नाही. दिसला असता तर सांगितला असता."

शांतवनने वही ओढली. अक्षर वाकडे आले. 'आवाज आला नाही तर?'

"तर तुला पाळक करायचं की नाही ते बिशपसाहेब ठरवतील. पण तू ख्रिस्ताचा आहेस की नाही, हे ठरायचं राहिलेलं नाही. तू पहिलं गीत म्हणण्याआधी ते ठरलं. पहिला टाहो फोडण्याआधी." त्यांनी खिशातून तो कागद काढला. "हा पुढे पाठवू?"

शांतवनने हात पुढे करून तो परत घेतला.

भीती गेली नाही. सोमवारच्या एसटीत ती त्याच्या शेजारी बसून आली. गाठ काढली गेली, तुकडा तपासणीला गेला, आणि निकालाला आठ दिवस लागतील असे सांगण्यात आले. पाचव्या दिवशी शेजारच्या खाटेवरील ट्रकचालकाला शस्त्रक्रियेसाठी न्यायचे होते. त्याचे स्वरयंत्रच काढावे लागणार होते. तो धिप्पाड माणूस भिंतीकडे तोंड करून थरथरत होता, आणि त्याची बायको उशाशी उभी राहून पदराचे टोक पिळत होती. शांतवन उठला आणि त्याच्या खाटेवर जाऊन बसला.

"तुम्ही कोण?" बाईंनी विचारले.

त्याने वही उघडून पुढे केली. बाईंनी मान हलवली. "वाचता येत नाही हो."

तेव्हा त्याने वही मिटली, त्या माणसाच्या खांद्यावर तळवा ठेवला आणि डोळे उघडे ठेवून मनातल्या मनात प्रार्थना केली. त्याला न्यायला ढकलगाडी येईपर्यंत तो तसाच बसून राहिला. त्या माणसाने त्याचे मनगट घट्ट धरले होते. कोण आहात, हे बाईंनी पुन्हा विचारले नाही.

आठव्या दिवशी निकाल आला. गाठ साधी होती. आवाज आला तो दीड महिन्याने, घोगरा आणि तोकडा. गाणे मात्र कायमचे गेले. बिशपसाहेबांनी त्याला दीक्षा दिली. दर सहा महिन्यांनी तपासणीला जाताना ती भीती अजूनही त्याच्याबरोबर येते, आणि तो तसाच जातो.

त्याचा उपदेश चौथ्या बाकापलीकडे पोहोचत नाही. म्हणून लोक आता पुढे येऊन बसतात.