तुटकी निपल आणि मेणबत्ती

मोटारी हँडल मारून सुरू व्हायच्या, तेव्हाची गोष्ट. ब्रेक बिघडलेली एक जुनी मोटार घाटाची आस लावून गॅरेजात उभी होती. तिच्या ब्रेकमधली हवा काढायची, स्क्रूसारखी फिरणारी छोटी निपल गंजली होती. गॅरेजच्या मिस्त्रींनी पान्याने हिसका दिला, तसं निपलचं डोकंच तुटलं. धड आतच रुतून बसलं.

"सोड गं आता," मोटार कळवळली.

"सोडलं तर तुझ्यासंगं घाट कसा बघू?" निपल म्हणाली.

मिस्त्रींनी ते लोखंड तापवून मेणबत्ती टेकवली. ती वितळून निपलच्या आट्यांत झिरपली आणि म्हणाली, "मीही परतणार नाही, बाई. चल, संगतीनं जाऊ."

निपल अलगद फिरली आणि बाहेर आली.

नवी निपल लेवून मोटार निघाली. गॅरेजातल्या भंगाराच्या डब्यात जुनी निपल कान देऊन बसली. गॅरेजापुढच्या पहिल्या वळणावर ब्रेक करकचून लागला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.