राजाचे जोडे आणि नाहीसे झालेले कोठार

एका राज्यात एक जुनी सराई होती आणि सराईला लागून एक कोठार होते. होते म्हणायचे एवढेच, कारण सात वर्षांपूर्वी भर दुपारी ते नाहीसे झाले. राजाच्या पणजोबाने बांधलेले ते दगडी कोठार धान्याच्या राशीसकट गेले, दावणीच्या चार बैलांसकट गेले, आणि वैरण आणायला आत शिरलेला कोयाजीही गेला. हा कोयाजी सराईवाल्या गोजराचा नवरा. वाटसरूंचे बैल अजूनही सवयीने तिकडे वळत आणि मोकळ्या जमिनीपुढे खोळंबून राहत. गोजराही रोज तिथे जाऊन उभी राही. नवरा परत यावा, याखेरीज तिला काही नको होते.

एके सकाळी त्या जागेवर एक भारद्वाज उतरला आणि माणसाच्या वाणीने बोलला, "गोजराबाई, त्या दिवशी राजा कोठार पाहायला आला होता. आठवते?"

न आठवायला काय झाले? धान्याच्या राशीपाशी पायात काही घालून जायचे नाही, ही त्या मुलखाची रीत. राजा रत्नजडित जोडे काढायला दारात वाकलासुद्धा होता. पण पाहुण्याला कशाला अवघडवायचे, म्हणून गोजराच म्हणाली होती, "असू द्या, महाराज." मग राजा तसाच आत गेला आणि राशीवर पाय देऊन आला.

भारद्वाजाने पुढचे सांगितले. राशीमागे एक जादूगार विसावा घेत पडला होता. हे पाहून त्याचे पित्त खवळले, आणि राजाची पाठ वळताच त्याने शाप उच्चारला. उतारा तीन गोष्टींचा होता. राक्षसाच्या विहिरीचे पाणी आणायचे. ढगातल्या शेतातले, जमिनीला न लागलेले कणीस आणायचे.

"आणि तिसरे," भारद्वाज म्हणाला, "परवानगी तुम्ही दिलीत, ती तुम्हीच मागे घ्यावी. राजाला तोंडावर सांगावे."

राक्षसाचे ऐकून गोजरा डगमगली नव्हती. हे ऐकून मात्र ती मटकन खाली बसली. उभ्या जन्मात तिने कुठल्याही पाहुण्याला नाही म्हटले नव्हते.

पण निघाली. राक्षस तिला खायला धावला, तेव्हा तिने सवयीने विचारले, जेवलात का? तीनशे वर्षांत त्याला हे कोणी विचारले नव्हते. त्याने तिची शिदोरी फस्त केली आणि स्वतः पोहरा सोडून पाणी काढून दिले. ढगातल्या शेतात एक चेटकीण पाखरे हाकून हाकून थकली होती. गोजराने तिला म्हटले, तू घटकाभर पड, आणि संध्याकाळपर्यंत गोफण फिरवली. चेटकिणीने सगळ्यात टपोरे कणीस तिच्या ओच्यात टाकले.

उरला राजवाडा. दरबारात जोड्यांचे नाव काढायला बंदी होती. गोजराने कोयाजीला डोळ्यांपुढे आणले आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "महाराज, त्या दिवशी माझे चुकले. जोडे काढा."

प्रधानाने कानांवर हात ठेवले. राजा मात्र वाकला, आणि जोडे अलगद पायांतून सुटले.

"सात वर्षे हे निघत नव्हते, बाई," राजा म्हणाला आणि रडू लागला. "झोपायचे तेही यांच्यासकट. कोणाला सांगायची लाज वाटत होती."

मग राजा अनवाणी चालत सराईला आला. वाटेत काटे बोचले की कळवळे आणि लगेच हसे, इतका त्याला आनंद झाला होता. गोजराने पाणी शिंपडले, कणीस ठेवले, राजाने मातीला कपाळ टेकवले, आणि कोठार जिथल्या तिथे उभे राहिले. दारातून कोयाजी काखेत कडब्याची पेंढी घेऊन बाहेर आला, गेला तेव्हा होता तेवढाच तरुण.

"गोजरा, एवढ्यात तुझे केस कसे गं पांढरे झाले?"

सात वर्षे तिने बोलायचे काय काय ठरवून ठेवले होते. त्यातले एक अक्षर तिला आठवेना.

"वैरण आणायला फार वेळ लावलात," ती म्हणाली, आणि पेंढीसकट तिने त्याला मिठी मारली.

त्या दिवसापासून सराईत बैल उपाशी राहिला नाही आणि राज्यात धान्य कोणाच्या पायाखाली आले नाही. गोजराचे माणूस जसे घरी आले, तसे ऐकणाऱ्या प्रत्येकाचे वाट चुकलेले माणूस सुखरूप घरी येवो.