अठरा पहारेकरी

एकदा एक आई एका वृद्ध गृहस्थांकडे शेती शिकू लागली. ही शेती मातीतली नव्हे. संगणकावरच्या एका खेळातली. त्या खेळात सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं असतं. मातीचा ठोकळा, पाण्याचा ठोकळा, दगडाचा ठोकळा. रचावेत आणि हवं ते उभारावं. गृहस्थ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, तिच्याच मजल्यावर राहणारे. नातवंडांनी शिकवलेल्या या खेळात त्यांनी असे काही कालवे काढले होते की आता नातवंडंच त्यांच्याकडे शिकवणीला येत. तुम्ही म्हणाल, चाळिशीतल्या बाईला हा पोरखेळ कशाला सुचला? सांगतो.

तिची मुलगी शाल्मली जूनपासून वसतिगृहात होती. रविवारी दुपारी तासभर तिला संगणक मिळे आणि त्या तासात मायलेकी या ठोकळ्यांच्या जगात भेटत, कानाला हेडफोन लावून बोलत. एरवी फोनवर आई प्रश्नांची सरबत्ती करी. आवाज का बसलाय, काल जेवलीस का नाही, कुणाशी बिनसलं का? मुलीची उत्तरं आखूड होत होत ‘हो’ आणि ‘नाही’वर आली होती. गेल्या रविवारी मात्र ती आपण होऊन म्हणाली, “आई, पुढच्या वेळी आम्ही जुन्या मैत्रिणी खेळात समुद्रापार जाणार आहोत. वाटेसाठी पाव तू करून देशील? गहू नसला तर सांग, आम्ही दुसरीकडून घेऊ.” त्या ‘दुसरीकडून’ने आई धास्तावली. हा तासही आपल्या हातून गेला तर, या विचाराने तिला काही सुचेना.

तिने जीव ओतून शेत रचलं. गव्हाच्या नऊ ओळी, वर पाण्याचा हौद, हौदाला झडप, खाली पाट आणि पाटाच्या टोकाला पेटी. शिवाय प्रत्येक ओळीशी एक खास ठोकळा. त्याला ती ‘पहारेकरी’ म्हणे, कारण समोर काहीही बदललं की तो झडपेला इशारा देई. झडप उघडे आणि पाण्याचा लोंढा त्या ओळीतलं पीक उपटून थेट पेटीत आणून टाकी. गहू पिकला की पहारेकरी बघून घेईल, आपल्याला घोर नको, अशी तिची कल्पना.

गुरुवारी तिने पेटी उघडली. आत नुसतं बियाणं. तिने तेच पुन्हा पेरलं आणि नवाचे अठरा पहारेकरी केले. शुक्रवारी बघते तो पुन्हा बियाणंच. गव्हाची एक ओंबी नाही. शनिवारी सकाळी तिने घाबरीघुबरी होऊन शेजारचं दार वाजवलं.

“काका, उद्या पोरगी येणार आणि माझ्याकडे पावाचा तुकडा नाही. आणखी पहारेकरी कुठे बसवू, तेवढं सांगा.”

वृद्धांनी चष्मा चढवला, शेत नीट न्याहाळलं. मग त्यांनी खेळातली कुदळ उचलली आणि अठराच्या अठरा पहारेकरी फोडून टाकले. झडपेपाशी हाताने ओढायचा एक साधा दांडा बसवला.

“अहो काका, हे काय केलंत! आता गहू पिकलेला मला कळणार कसा?”

“बघून,” वृद्ध शांतपणे म्हणाले. “मुली, या खेळातला कोंब सात पायऱ्या चढतो, तेव्हा कुठे गहू होतो. तुझा पहारेकरी पहिल्याच पायरीला हाक देतो. त्याचा काही दोष नाही. बदल दिसला, त्याने सांगितलं. पण तू त्याची दोरी थेट हौदाला बांधलीस. कोंब वाढला रे वाढला की लोंढा! पीक उभं राहणार कसं? या खेळात कच्चं पीक उपटलं की हाती नुसतं बियाणंच येतं. कालव्यावर नवा माणूस आला की पहिले आठ दिवस मी त्याला नुसतं बघायला बसवत असे. पाणी सोडायच्या दाराची चावी माझ्या खिशात. बघणं वेगळं आणि दार उघडणं वेगळं, हे अंगी मुरायला तेवढे दिवस लागतातच.”

तिने पेरणी केली. संध्याकाळी कोंब तिसऱ्या पायरीवर होते आणि तिचा हात दोनदा दांड्याकडे गेला. शेवटी ती उठली आणि स्वयंपाकघरातले डबे घासत बसली. रविवारी दुपारी शाल्मली खेळात आली तेव्हाही गहू हिरवाच होता.

“थोडं थांबावं लागेल गं,” आई ओशाळून म्हणाली. मैत्रिणी नाव बांधायला किनाऱ्याकडे निघून गेल्या. मुलगी मात्र शेताच्या कडेला आईशेजारी थांबली. तिचा आवाज जड होता. रडली असावी, हे आईला तत्क्षणी कळलं. काय झालं, कोण काय म्हणालं, वॉर्डनना फोन करू का, सगळे प्रश्न ओठांवर आले. आईने ते महाप्रयासाने गिळले आणि ती गव्हाकडे बघत राहिली.

“आई,” शाल्मली हळूच म्हणाली, “मला इथे अजिबात करमत नाही गं.”

“हं,” आई म्हणाली.

मध्येच केव्हातरी गहू पिवळा झाला. दोघींच्याही ते ध्यानात आलं नाही. जूनपासून पहिल्यांदाच मुलगी सलग अर्धा तास बोलत होती.