ऊन उंबराला लागेपर्यंत

भादव्याचे दिवस होते. त्या सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं आणि वारा अगदी पडलेला, उंबराचं पान हलत नव्हतं. दुपारनंतर पाऊस ठरलेला. म्हणून आमच्याकडे टोमॅटोवरची फवारणी सकाळीच उरकतात, वारं सुटायच्या आत.

"उंदरांचं लिव्हर वाचलं, बाबा. मग माझ्या दादाचं का वाचेना?"

हेमराज विचारत होता. लहानूबाबांच्या अंगणात, उभ्यानंच.

लहानूबाबा माझे शेजारी. आमच्या दोघांत एक कुडाचं कुंपण, तेही निम्मं मोडलेलं. कावीळ झालेली माणसं लांबून त्यांच्याकडं यायची. हेमराज पोरवयात दोन वर्षं त्यांच्या हाताखाली पाला वाटायला होता. मग शहरात शिकला, औषधांच्या कॉलेजात मास्तर झाला.

त्याचा थोरला भाऊ सुदाम ओट्याच्या कडेला बसला होता. डोळे हळदीसारखे. आमच्या सगळ्यांच्या टोमॅटोवर फवारा तोच मारायचा. माझ्याही.

"डॉक्टर काय म्हणाले?" बाबांनी विचारलं.

"फवारणीच्या विषानं लिव्हर सुजलंय. गोळ्या दिल्यात. दर आठवड्याला रक्त तपासायला सांगितलंय." हेमराजनं पिशवीतून एक छोटी बाटली काढली. "हा अर्क बघा. तुमच्याच भुईआवळीचा. तुम्ही मूठमूठ पाला वाटता, मी त्यातलं नेमकं गुणाचं तेवढंच काढलं. उंदरांना विष दिलं, मग हा अर्क दिला. वाचले."

"सगळे?"

"बरेच."

"हं... उंदीर कुठं होते?"

"पिंजऱ्यात. दुसरे कुठं असणार?"

"दार होतं का पिंजऱ्याला?"

"होतं की. कडी लावलेली." हेमराज जरा चिडला. "बाबा, मी काय विचारतोय, तुम्ही काय विचारताय?"

बाबा पाट्यावरचं वाटण सारत राहिले.

"दोन महिने झाले, ही बाटली दादाला देतोय. रोज घेतो तो. तरी दर खेपेला रक्ताचा आकडा वरच. आणि तुमच्याकडची माणसं बरी होऊन जातात. भुईआवळी तर मला ठाऊक आहे. तिच्यात आणखी काय घालता? काहीतरी लपवता तुम्ही."

"लपवतो खरं," बाबा म्हणाले.

मी कुंपणापाशी होतो. मीही कान टवकारले. चाळीस वर्षांचा शेजार, पण हे मला नवीनच होतं.

"मग सांगा ना! माझा भाऊ आहे तो."

"सांगतो... बस आधी."

बाबांनी वाटलेला पाला ताकात कालवला, वाटी सुदामच्या हातात दिली. म्हणाले, "डॉक्टरच्या गोळ्या सोडायच्या न्हाईत. रक्त दाखवायचं चुकवायचं न्हाई. अन् हे इथंच प्यायचं. घरी न्यायचं न्हाई. एकवीस दिवस, उजाडायला यायचं अनशापोटी. पिऊन झालं की ऊन त्या उंबराच्या बुडाला लागेपर्यंत उठायचं न्हाई."

हेमराज हसला. "अजून तेच? लहानपणी मला वाटायचं, उंबरात काही देव आहे. लोकांना उगीच बसवून ठेवता तुम्ही. म्हणून तर मी बाटली केली. खिशात घालावी, कुठंही जावं."

बाबांनी सुदामकडं पाहिलं.

"कुठं जात होतास, सुदाम?"

सुदामनं वाटी रिकामी करून खाली ठेवली.

"फवारणीला, पंप घेऊन. हेमाची बाटली खिशात असली की भ्या वाटायचं न्हाई, बाबा. पहिलं तोंडाला फडकं तरी बांधायचो. मग ते बी सोडलं. म्हटलं, भावानं येवढं शिकून केलंय..."

"दादा!"

हेमराजनं बाटली हातात फिरवली, पिशवीत ठेवली, परत काढली.

मग तोही बसला.

तिघं बसलेच होते. ऊन आधी गोठ्याच्या पत्र्यावर आलं, मग अंगणात उतरलं. बाबांनी पुढ्यातला पाला निवडायला घेतला, एकेक देठ उलटा करून, पानाखालचे बारके आवळे बघत. हेमराजही न सांगता निवडायला लागला. त्याचा हात जुनी सवय विसरला नव्हता.

"दोडक्याएवढा होतास तेव्हा यात गाजरगवत घालायचास," बाबा म्हणाले.

"एकदाच घातलं होतं!"

सुदाम हसला. बऱ्याच दिवसांनी हसला असावा, त्याला ठसका लागला.

ऊन उंबराच्या बुडाला लागलं तशी वरची पानं सळसळली.

सुदाम उठून आभाळाकडं बघायला लागला. "वारं सुटलं. आता फवारा मारला तर सगळा तोंडावरच यायचा. आज न्हाई जमत काम."

"ऊन लागलं, बाबा," हेमराज म्हणाला. "आता सांगा."

"उद्या या."

हेमराजनं कॉलेजला रजा टाकली. रोज उजाडायला भावाला धरून आणायचा. पहिले चार दिवस उठताना विचारायचा, "काय घालता ते सांगा." बाबा म्हणायचे, "उद्या या." मग त्यानं विचारायचं सोडलं. आठवड्याभरात सुदामला सकाळ रिकामीच धरायची सवय लागली. ऊन वर आल्यावर तो माझ्याकडं टोमॅटोचे वेल सुतळीनं बांधायला यायला लागला. बसून करायचं काम, हळूहळू करायचा. पंप पडवीत खुंटीला होता, त्याच्यावर कुंभारमाशीनं घर केलं.

एकविसाव्या दिवशी हेमराजनं रक्ताचा कागद आणला. आकडा निम्म्याच्या खाली उतरला होता. डॉक्टर म्हणाले होते, अजून सांभाळायचं आहे, पण वाट बरी धरलीय.

हेमराज बाबांच्या पाया पडला. काही विचारलं नाही. ती बाटली बाबांच्या ओट्यावर ठेवली आणि भावाचा हात न धरता त्याच्या मागून चालत गेला.

मी कुंपण ओलांडून आलो. बाबा वाटी विसळत होते.

"अरे लहानू," मी म्हटलं, "पोरगं एकवीस दिवस आलं. लपवलेलं तू त्याला सांगितलंच नाहीस की."

त्यांनी वाटी उन्हात पालथी घातली.

"रोजच तर सांगत होतो, तात्या... वारं सुटेपर्यंत."